जुनी ट्रॅव्हलर पुन्हा पुन्हा तापते? हेड खोलण्याआधी एवढं बघा

लक्षणं आधी, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

गाडी उभी असताना, रेल्वे फाटकावर किंवा बाजाराच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो, तर हवा कमी पडतेय. पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं काउल (म्हणजे पंख्याला वेढणारं कडं), यांच्याकडे बघा.

गावात सगळं ठीक, पण हायवेला वेग धरला किंवा चढ लागला की काटा वर, तर रेडिएटर चोंदलाय. बाहेरून किंवा आतून, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा दोन्हीकडून.

काटा एकदम उडी मारतो, दोन मिनिटांत एकदम पडतो, पुन्हा उडी मारतो. पाण्यात हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट चिकटतोय.

रोज पाणी कमी होतं पण खाली एक थेंब दिसत नाही. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, ओलसर धूर येत राहतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या कॉफीसारखा चिकट थर दिसतो. (थंडीत सकाळी थोडा धूर कुठलंही जुनं डिझेल सोडतं, त्याला घाबरू नका. खूप दिवस फक्त दोन-दोन किलोमीटर चालवलेल्या गाडीच्या झाकणालाही दमटपणाने थोडा थर धरतो.) पण या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मधलं सगळं सोडा, शेवटचा भाग वाचा आणि गाडी सुरू करू नका.

आणि एक फसवं लक्षण: बोनेटमधून वाफ येतेय, पण काटा खाली. असं दिसलं की बरेच जण म्हणतात, मीटर खाली आहे म्हणजे चालेल. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं बोलतो. पाणीच संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. त्याच वेळी इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

माझी गाडी 1998 ची टेम्पो ट्रॅव्हलर. शाळेची मुलं नेऊन आणून दमलेली, ती मी अमळनेरला घरामागच्या पत्र्याखाली लावून पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं घर तिच्यात बसवतोय. मी शिक्षक आहे, मिस्तरी नाही. पण तीन उन्हाळ्यांत हाच एक दोष मी माझ्या गाडीत चारदा आणि पारोळ्याच्या मेहुण्याच्या गाडीत दोनदा काढलाय. पहिल्या वेळी गावातल्या एका मिस्तरीने बोनेट उघडून मिनिटभर बघितलं आणि सांगितलं, "सर, हेड खोलनं पडी." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनचं झाकण. ते खोललं नाही. सहापैकी एकदाच तशी वेळ आली. बाकी पाच वेळा, एका वायरीचा दोष सोडला तर, दोष हवा आणि पाणी यांतच होता, आणि त्यातला बराचसा मीच हौसेने घातलेला. दोष परत येत होता त्याचं कारणही साधं: एक कारण सापडलं की मी थांबायचो, दुसरं तसंच राहायचं, आणि एप्रिलमध्ये ते वर यायचं.

हात लावण्याआधी

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ओल्या फडक्याने धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. किमान तासभर थांबा, मग वरचा जाड होज पाइप फडक्याने दाबून बघा. टणक लागला तर अजून थांबा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. हेडला चीर जाते आणि दोनशे रुपयांचं काम पाच आकड्यांत जातं. रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद करा, सावली बघून थांबा, पाणी शाबूत असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. वाफ दिसली तर मात्र लगेच बंद.

1. पाणी किती, आणि कुठलं

सकाळी, गाडी पूर्ण गार असताना पातळी बघा. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारा. रोज सकाळी चहाआधी बघायचं आणि वहीत लिहायचं. हे फुकटचं काम आहे आणि यानेच पुढचा रस्ता ठरतो. बंद व्यवस्थेतलं पाणी कमी व्हायलाच नको. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय: जमिनीवर, झाकणातून वाफ होऊन, किंवा सिलिंडरमध्ये. रेघेवरच असून गाडी तापत असेल तर गळतीचा विचार सोडा.

आता कुठलं पाणी. माझ्याकडे पहिली दोन वर्षं बोअरचं. आपल्या बोअरचं पाणी आंघोळीच्या बादलीलाही पांढरी कड सोडतं, ते ऐंशी-नव्वद अंशांवर रोज शिजलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल? जुनं पाणी काढलं तेव्हा तळाशी दाताने न फुटणारी पापडी निघाली. रेडिएटरवाल्या म्हाताऱ्या बाबांनी ती नखावर घेतली आणि म्हणाले, "सर, हाई पाणी नही, चुना शे."

डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, किंवा तयार मिसळलेलं कूलंट, एवढंच घाला. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हे मी पन्नास वेळा ऐकलंय. बर्फाचा संबंधच नाही. निम्मं कूलंट घातलं की उकळण्याचा बिंदू साधारण सात अंशांनी वर जातो, गंज धरत नाही, आणि डिस्टिल्ड पाण्यात क्षारच नसल्याने पापडी बसत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात 45 अंश असतात. बाहेरची हवाच एवढी गरम असल्यावर रेडिएटरला उष्णता टाकायला जागा कमी उरते, तिथे ते सात अंश उपयोगी पडतात. हिरवं आणि लाल-गुलाबी कूलंट एकत्र करू नका. रंग ही कंपनीची मर्जी असते, पण आतली रसायनं वेगळी असू शकतात आणि मिसळून गाळ होतो.

2. झाकण

सगळ्यात स्वस्त सुटा भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. झाकणात एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरून ठेवतो, दुसरा गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेतो. साधारण एक बारचा दाब धरला गेला तर साधं पाणीही 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, दाब धरला नाही, की तेच पाणी शंभरला उकळतं. गाडीत बाकी काहीही बिघडलेलं नसताना.

रबराला चीर, स्प्रिंगला गंज, किंवा गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकण बदला. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, तोच घ्या. "जास्त दाबाचं बसवा, अजिबात उकळणार नाही" असं दुकानदार सांगेल. उकळणार नाही हे खरं, पण जुने होज फुटतील.

3. काटा खरं बोलतोय का

इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक कोणाकडून तरी उसनी आणा. काटा लाल रेघेजवळ असताना थर्मोस्टॅटच्या घरावर, काळ्या किंवा मळलेल्या भागावर मारा. चकचकीत धातूवर ती चुकीचं दाखवते. तिथे 85-90 दिसत असेल तर गाडी तापत नाहीये, सेन्सर किंवा त्याचं अर्थिंग बिघडलंय. मेहुण्याच्या गाडीचा एक दोष असा एका गंजलेल्या वायरीत निघाला.

4. ब्रेक आणि वजन

हे तापण्याच्या यादीत कोणी घालत नाही. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक चिकटतात. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर इंजिन ते चाक ओढत होतं. ब्रेक स्वतः खोलू नका, तो शिकण्याचा विषय नाही.

वजनाचं मी स्वतःच केलं. पलंग, कपाटं, ओटा, सगळं 19 मिमी प्लायमध्ये. आठ बाय चारचं एक पान 35 किलोच्या आसपास भरतं, अशी सात पानं गेली. वर शंभर लिटरची टाकी, म्हणजे शंभर किलो फक्त पाणी. आता कपाटं 6 मिमीची आहेत आणि टाकी घाट चढून गेल्यावर भरतो.

5. रेडिएटरचं तोंड

इथे वेळ घाला. खानदेशात गाडी तापण्याचं हे एक नंबरचं कारण आहे असं माझं मत झालंय.

दिवाळीनंतर कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे निघतात. त्यांच्या मागे पाच किलोमीटर गाडी चालवा आणि ग्रिलमधून आत बघा. कापसाचा बारीक तंतू रेडिएटरच्या जाळीत शिरतो, इंजिनच्या तेलकट धुरात भिजतो, त्यावर शेतरस्त्याची धूळ बसते आणि नमदा तयार होतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण पहिले पाच मिलीमीटर स्वच्छच असतात. नमदा आत असतो. एसी असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तो हमखास सापडतो, तिथे तर कोणी बघतच नाही.

रात्री अंधारात, गाडी थंड आणि बंद असताना, एकाने इंजिनच्या बाजूने बॅटरी धरायची आणि दुसऱ्याने समोरून बघायचं. जिथे उजेड येतो तिथे हवा येते. माझ्या गाडीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा वरचा हातभर पट्टा उजळला आणि खालचा निम्म्याहून जास्त भाग काळा. मुलगा म्हणाला, "बाबा, अमावस्या आहे."

साफ करायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवा येते त्याच्या उलट. समोरून पाणी मारलं तर नमदा आणखी आत ठासला जातो. बागेचा साधा पाइप, मऊ ब्रश, भांड्यांचं थोडं द्रावण, अर्धा तास भिजवून पुन्हा पाणी. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा नको, पातळ पत्र्या झोपतात आणि मग हवा कायमची बंद. झोपलेल्या पत्र्या जुन्या कंगव्याने हळूहळू उभ्या करता येतात. कंटाळवाणं आहे, पण रविवारची दुपार जाते.

आणि आता कबुली. किडे आत जाऊ नयेत म्हणून ग्रिलमागे मी मच्छरदाणीची नायलॉन जाळी शिवून लावली होती. फार सुंदर दिसत होती. तिने किडे अडवले आणि वाराही. काढली त्या दिवशी धुळे रस्त्यावर काटा बोटभर खाली आला. समोर जास्तीचे दिवे, कॅन, मोठी नंबर प्लेट लावली असेल तर तीही आधी उतरवून बघा.

6. बेल्ट, पंखा, काउल

या गाडीत पंखा पाण्याच्या पंपाबरोबरच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट सैल तर हवाही कमी आणि पाणीही कमी. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, बेल्टच्या सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक. आतली बाजू चकचकीत झाली असेल किंवा भेगा असतील तर बदला, ताणू नका. जास्त ताणलेला बेल्ट पंपाचं बेअरिंग खातो.

पंख्याभोवतीचं काउल आहे का बघा. जुन्या गाड्यांत ते बऱ्याचदा नसतंच, कोणीतरी कधीतरी काम करताना काढलेलं असतं आणि "त्याशिवाय चालते" म्हणून परत बसवलेलं नसतं. काउल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची, इंजिनचीच गरम हवा घुसळत बसतो. फाटकावर तापणाऱ्या गाडीचा दोष मला दोनदा इथेच सापडला. भंगारबाजारात मिळालं तर बरं, नाहीतर पत्र्याचं करून घ्या.

7. होज आणि थर्मोस्टॅट

मदतनीसाला रेस करायला सांगून खालचा होज लांबून बघा. पंप त्यातून पाणी ओढतो, होज मऊ पडला असेल तर वेगात चपटा होतो आणि पाणी थांबतं. रेस सोडली की तो पुन्हा गोल, म्हणून इंजिन बंद किंवा मंद असताना कधीच सापडत नाही. बघताना शर्टची बाही, गमछा पंख्यापासून लांब.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: काढून फेका. नका फेकू. तो थंड इंजिनात पाणी आतल्या आत फिरवतो आणि गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो. यासारख्या इंजिनांत वाट उघडताना तोच आतली आडवाट बंदही करतो. काढून टाकलात तर आडवाट उघडी राहते, काही पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात जातं आणि चढावर गाडी आणखी तापते. थंडीत मात्र इंजिन पुरेसं गरमच होत नाही.

तपासणी सोपी आहे. टाकाऊ पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकवू नका, बाजूला थर्मामीटर. त्यावर आकडा कोरलेला असतो. त्या अंशांच्या आसपास उघडायला लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला. उकळी येऊनही मिटलेला राहिला तर दोषी सापडला. (पातेलं परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधी जाहीर करा. मी केलं नव्हतं.)

8. आतून धुणं

बोअरच्या पाण्यावर चाललेली गाडी असेल तर हे करावंच लागतं. थंड गाडीत खालून पाणी काढा, दुकानात मिळणारं रेडिएटर फ्लश डब्यावर लिहिलंय तेवढंच आणि तेवढाच वेळ, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने.

केळीवाल्या शेजाऱ्याने मला सांगितलं होतं, ठिबकच्या नळ्या चुन्याने बुजल्या की आम्ही ऍसिड सोडतो, तेच घाल. ठिबकच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात. रेडिएटरमध्ये पितळ, झाळलेले सांधे, कुठे ऍल्युमिनियम. ते ऍसिड चुना खाईल आणि मग भांडंही. संडास धुवायचं तर अजिबात नाही.

काढलेलं कूलंट बादलीत धरा आणि झाकून ठेवा. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू, शेळी पिते आणि मरते. गटारीत, गोठ्याकडे ओतू नका.

नवीन भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हळूहळू ओता, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. नंतर दोन-तीन सकाळी पातळी थोडी उतरते, ती अडकलेली हवा. त्यानंतरही उतरत राहिली तर पहिल्या पायरीवर परत.

इथे थांबा

धुऊनही पाण्याची धार बारीक असेल, किंवा रेडिएटर वर गरम आणि मध्ये-मध्ये थंड पट्टे लागत असतील, तर तो उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्या. वरची टाकी सोडवून नळ्यांत सळई घालणं आणि परत झाळणं घरी होत नाही. पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपत असेल, किंवा पंखा धरून हलवल्यावर खडखड लागत असेल, तर वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, गेली. हातात अवजारं असतील तर हे काम घरी जमतं, पण पहिल्या वेळी शेजारी कोणी जाणता असू द्या.

आणि हेड. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच होज टणक होतो. उघड्या तोंडातून बुडबुडे थांबतच नाहीत. ऑइल दुधाळ. यातलं एकही निश्चित दिसलं तर गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नका, ओढून न्या. ऑइलमध्ये पाणी गेलं की बेअरिंग काही वेळात जातात. हेडचे बोल्ट ठरावीक क्रमाने, टॉर्क पान्याने आवळायचे असतात, हेड वाकलंय का ते लेथवाल्याकडे तपासायचं असतं. यूट्यूब बघून हे करू नका. मी बघितले आहेत ते सगळे व्हिडिओ.

मिस्तरीकडे जाताना वही घेऊन जा: कुठे तापते, किती पाणी कमी होतं, काय काय बदललं. आधी रेडिएटरमध्ये जळलेला वायू येतोय का याची चाचणी करायला सांगा, मगच हेड. हेड उतरलं तर जुनं गॅस्केट (हेडखालचा पातळ थर) मागून घ्या आणि लेथवाल्याने किती घासलं तो आकडा लिहून घ्या. फार घासलेलं हेड पुन्हा घासता येत नाही, पुढच्या वेळी तो आकडा कोणालाच आठवत नसतो.

माझ्या वहीतली शेवटची नोंद: चाळीसगावहून कन्नड घाट, सकाळी सहा, टाकी रिकामी, दुसरा गिअर, पुढे उसाचा ट्रक. काटा मधल्या रेघेच्या एक बोट वर, माथ्यावर परत खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नेलपॉलिशवर.